ड्रमसेटवरचा पाठलाग

ड्रम वाजवणारी बाई दिसली की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "घरचे काही म्हणत नाहीत का?" घरचे पुष्कळ म्हणायचे. सगळ्यात जास्त माझे बाबा म्हणायचे. पुढे त्यांनी म्हणणं सोडलं आणि ऐकणंही सोडलं. मी ड्रमवर बसले की ते मंडपातून उठायचे, चपला शोधायचे आणि घरी निघून जायचे. इंझोरी हे माझं माहेर. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, म्हणून सारा गाव त्यांना गुरुजी म्हणतो. गुरुजी उठले म्हणजे आता गाणी सुरू होणार, असं लोकांनी समजूनच घेतलं होतं.

दुसरा प्रश्न असतो, "ताई, तुम्ही ते एकदम चार-चार काय वाजवता?" त्याचं उत्तर लांबलचक आहे आणि तेच द्यायला मी बसले आहे. आधीच सांगून ठेवते, मी इथे कोणाची माफी मागणार नाही. ड्रम म्हणजे गाण्यामागचा धडधडाट, एवढंच ज्यांचं मत असेल आणि ते बदलायचं नसेल, त्यांनी खुशाल पान उलटून फराळाकडे वळावं.

तीसेक वर्षं मी मंगरूळपीरच्या एका पार्टीत ड्रम वाजवला. पार्टी म्हणजे आमचा गाण्याचा ताफा. एप्रिलातल्या जयंतीला भीमगीतं, लग्नसराईत रिसेप्शन, गणपती-शारदेच्या दिवसांत गावोगावचे ऑर्केस्ट्रा, उरलेल्या काळात घरी बसून एकमेकांची उणीदुणी. पार्टीचे मालक आणि मुख्य गायक दौलतभाऊ. स्टेजवर पुढे ते, त्यांच्या बाजूला कीबोर्ड, ढोलकी, कोरसच्या दोन बाया, आणि सगळ्यांच्या मागे, पडद्याला पाठ लावून, ड्रमसेट. सगळ्यात मोठा आवाज करणारा माणूस सगळ्यात कमी दिसावा अशीच ती व्यवस्था आहे.

मी मुळात कोरसवाली. लग्न होऊन मंगरूळपीरला आले, गळा बरा होता, म्हणून पार्टीत शिरले. नवरा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होता, त्याला गाण्याचं वावडं नव्हतं. एकदा रिसेप्शनच्या दिवशी आमचा ड्रमवाला सकाळच्या गाडीने पुण्याला गेला तो गेलाच. दौलतभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. मी म्हटलं, मी बसते. कोरस गाताना माझी नजर कायम त्या ड्रमवाल्याच्या पायांवर असायची, हे कोणाला ठाऊक नव्हतं. बसले, आणि तिसऱ्या गाण्यात साडीच्या निऱ्या मोठ्या ड्रमच्या पॅडलमध्ये अडकल्या. पाय सोडवू की ठेका धरू? ठेका धरला. निऱ्या फाटल्या, पॅडलला हिरवं कापड गुंडाळलेलं तसंच राहिलं आणि मी शेवटच्या गाण्यापर्यंत वाजवलं. दुसऱ्या दिवशी दोन पंजाबी ड्रेस शिवायला टाकले. त्यानंतर मला ड्रमवरून कोणी उठवू शकलं नाही.

आता थोडं यंत्राबद्दल. ड्रमसेटमध्ये चारही हातपाय कामाला असतात. हातांत काड्या, त्यांनी लहानमोठे ड्रम आणि झांजा वाजवायच्या. उजव्या पायाखाली मोठ्या ड्रमचं पॅडल, त्याचा आवाज पोटात बसतो. डाव्या पायाखाली एकमेकींवर बसवलेल्या दोन झांजांचं पॅडल, दाबलं की 'चक' होतं. साधारण ड्रमवाल्याचे हे चौघे मिळून एकच ठेका उभा करतात. एकाने काम करायचं, बाकीच्यांनी त्याला हो ला हो म्हणायचं. डाव्या पायाचा वाटा तर फक्त मान डोलावण्याइतका. मला याचा लवकरच कंटाळा आला.

लहानपणी इंझोरीला जयंतीच्या दिवशी विहारावर एक भोंगा लागायचा आणि दुसरा लांब रस्त्यावरच्या फाट्यावर. विहारात वंदना चालू झाली की मी मधल्या शेताच्या बांधावर जाऊन उभी राहायची. विहाराजवळच्या भोंग्यातून आवाज आधी पोचायचा आणि फाट्याचा जरा उशिरा. एकच ओळ दोनदा, पहिली संपायच्या आत दुसरी सुरू. त्यात मंडपातल्या मागच्या रांगेतल्या बाया पुढच्यांपेक्षा मागे पडायच्या, म्हणजे तीन. सगळे तेच म्हणत होते, पण कोणी कोणाबरोबर नव्हतं, आणि तरी ते सगळं मिळून ऐकायला फार छान लागायचं. आई शोधत यायची आणि उन्हात उभी काहून राह्यली म्हणून ओरडायची.

तेच मी ड्रमवर करून पाहिलं. उजव्या हाताने एक वाक्य बोलायचं. हो, वाक्यच, ठोक्यांचं. ते अर्ध्यावर आलं की डाव्या हाताने तेच वाक्य पहिल्यापासून सुरू करायचं. उजवा हात थांबत नाही, तो पुढे जातो. मग उजवा पाय, मग डावा पाय. घरी गोधडीची घडी आणि लाकडी पाट मांडून मी हे गिरवत बसायची. भाकरी थापताना पाय हलायचे. नवरा म्हणायचा, "अवं, तव्यावरची भाकर एकाच ठेक्यात परत. तिले जळू देऊ नको." महिनोन्महिने डावा पाय वाक्याच्या मध्येच विसरायचा की आपण कुठे आहोत. एकदा मात्र तो शेवटपर्यंत पोचला. मी पाटावर बसून एकटीच हसले आणि मग जरा रडलेही.

याला नाव आहे हे सॅम्युएलने सांगितलं. सॅम्युएल आमचा कीबोर्डवाला, रविवारी अकोल्याच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि बाकी दिवस आमच्याबरोबर हिंडायचा. सामान उतरवताना मी टेम्पोच्या पत्र्यावर वाजवत होते, ते ऐकून तो थबकला. "ताई, हे जे तुमी करून राह्यल्या ना, याले कॅनन म्हणतात. आमच्या चर्चच्या बाजात लय जुनी गोष्ट हाये. अन् याचा एक थोरला भाऊ हाये, फ्यूग."

त्याने कीबोर्डवर वाजवून दाखवलं. फ्यूगमध्येही वाक्य एकच, पण दुसरा ते आपल्या पट्टीत बोलतो, पहिल्यापेक्षा वर किंवा खाली. तो बोलत असताना पहिला गप्प बसत नाही, त्याला जोड म्हणून आणखी काही बोलत राहतो. चौघांची पाळी एकेकदा होऊन गेली की वाक्याचे तुकडे घेऊन खेळ चालतो. शेवटी खरी गंमत. इतका वेळ प्रत्येक जण आधीच्याचं वाक्य पुरं होऊ देत होता. आता कोणी थांबत नाही. एकाचा पहिला शब्द निघतो न निघतो तोच दुसरा घुसतो, तिसरा घुसतो, चौथा घुसतो. ऐकणाऱ्याला वाटतं, झाला घोटाळा. तो न होऊ देणं हे वाजवणाऱ्याचं काम. सॅम्युएल म्हणाला, त्या शब्दाचा अर्थच पळणं, पाठलाग असा काहीसा आहे. ड्रमवर सूर नसतात, असं लोक म्हणतात. खोटं आहे. चावीने कातडं ताणलं की आवाज वर जातो, ढिलं केलं की खाली येतो. मी माझे ड्रम पायरीपायरीने लावून घेतले आणि सॅम्युएलकडून नियम पाठ केले. डाव्या पायाला पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलायला मिळालं, मान डोलावण्याची नोकरी सुटली. मला ते फार आवडलं, का ते पुढे येईल.

लोकांना मात्र आवडलं नाही. पहिला मासला मंगरूळपीरचाच. एका कार्यक्रमात दौलतभाऊ दोन गाण्यांच्या मध्ये चहाला उतरले, तेवढ्या वेळात मी हळूच कॅनन सुरू केला. आमचा साउंडवाला इक्बालभाई मिक्सरवर होता. आमच्याकडे गायकाच्या आवाजाला इको लावायची जबरदस्त हौस. गायक एकदा बोलला की मशीन तेच दोनदा-तीनदा परत बोलतं, त्याशिवाय पब्लिकला गाणं झाल्यासारखं वाटत नाही. इक्बालभाईने ऐकलं की ड्रमचा प्रत्येक ठोका मागून परत येतोय. त्याने इकोचं बटण खाली ओढलं. आवाज येतच राहिला. त्याने दुसरं बटण ओढलं, तिसरं ओढलं, शेवटी ड्रमचे सगळे माइक बंद केले आणि टॉर्च घेऊन स्टेजवर आला. मी वाजवतेच आहे आणि हा माझ्या पायाशी वाकून वायरी तपासतोय.

"आपा, इको अटक गया!" तो ओरडला. "बटन बंद है, फिर भी आवाज वापस आ रा!"

"इको नाही भाई, मी आहे," मी म्हटलं.

त्याचा विश्वास बसेना. मोठ्या ड्रमला कान लावून बसला, मग माझ्या पायाकडे पाहिलं, मग हातांकडे. चहा पिऊन परत आलेले दौलतभाऊ माइक हातात घेऊन ताटकळत उभे. कार्यक्रम संपल्यावर इक्बालभाई म्हणाला, "आपा, मशीन में खराबी नहीं थी, आप में थी." त्या दिवसापासून तो माझा पहिला श्रोता झाला. प्रत्येक कार्यक्रमाआधी मिक्सरवरून हात हलवून विचारायचा, "इको लगाऊं, या आप हैं?"

रिठदचं लग्न मात्र अंगाशी आलं. नाचायचं गाणं चालू होतं, मधल्या तुकड्यात मला राहवलं नाही आणि मी दोन हातांचा पाठलाग लावून दिला. पुढे मांडवात पोरं नाचत होती. अर्धी पोरं उजव्या हाताबरोबर गेली, अर्धी डाव्या हाताबरोबर. जी इकडे वळली ती तिकडून येणाऱ्यांवर आदळली. नवरदेवाचा फेटा उडून वाजंत्र्यांनी रचून ठेवलेल्या ताशांच्या ढिगात पडला. नवरीचा मामा स्टेजला भिडला.

"अवो ताई, एका टायमाले एकच वाजवा ना! हे पोट्टे पाहा, नाचता नाचता इचारात पडले!"

मला त्याचं बोलणं अजून आठवतं, कारण माझ्या कामाची इतकी चांगली पावती पुढे कोणी दिली नाही. दौलतभाऊंना ते पटलं नाही. परतीच्या टेम्पोत ते म्हणाले, "कांताताई, लोक गाणं आयकाले येतात. ड्रम मांगं असते. मांगच्यानं मांगंच राहा." मी म्हटलं, "मांगं बसते भाऊ, पण दहा मिनिटं एकटीले वाजवू द्या. एकदाच." त्यांनी हसून विषय टाळला. मी हे दर हंगामात मागितलं आणि त्यांनी दर हंगामात टाळलं. काही ठिकाणी तर मला वगळून विजेवरचा ऑक्टोपॅड वाजवणारा पोरगा नेऊ लागले. मी भांडले, रुसले, पण वाजवायचं ते वाजवत राहिले. सॅम्युएल आणि इक्बालभाई सोडले तर माझा फ्यूग पहिल्यापासून शेवटपर्यंत कोणी ऐकला नव्हता, याचं मला वाईट वाटायचं, आजही वाटतं. आणि खरं सांगायचं तर मला लोकांनी नाही, एकाच माणसाने ऐकायला हवं होतं.

बाबांचा राग समजायला आमच्या घरचं डफडं समजलं पाहिजे. माझा आजा, म्हणजे बाबांचे वडील, गावाचं डफडं वाजवायचा. हौस म्हणून नाही, जातीने लादलेलं काम म्हणून. पाटलाचा निरोप आला की गल्लोगल्ली डफडं वाजवून दवंडी द्यायची. साहेब गावात आला की त्याच्यापुढे डफडं वाजवत चालायचं, अनवाणी. छप्पनच्या धर्मांतरानंतर आजाने ते डफडं विहिरीत टाकलं. लोक विचारायला आले की आता साहेबापुढे कोण वाजवणार. आजा म्हणाला होता, "साहेबाले पाय हायेत, येईल तो आपल्या पायानं." बाबा तेव्हा शाळेत जाणारे पोर होते, विहिरीच्या काठावर उभे होते. ही गोष्ट त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली की तो पाण्यात पडल्याचा आवाज मलाही ऐकू येतो.

मी ड्रमवर बसायला लागले हे कळल्यावर त्यांनी मला ओसरीवर समोर बसवलं. "माह्या बापानं डफडं विहिरीत टाकलं. ते तू वर काढून राह्यली."

मी गप्प बसणारी नव्हते. "आजाचं डफडं दुसऱ्याचा निरोप सांगे, बाबा. माहा ड्रम माहा निरोप सांगते."

"असं? अन् स्टेजवर पाहुणा आला की धडाडधूम कोन करते?"

आमच्या धंद्यातला रिवाजच आहे तो. प्रमुख पाहुणे मंडपात शिरले की चालू असलेलं सगळं तोडायचं, ड्रमवाल्याने जोरात सलामी द्यायची, मग हार-तुरे. गाणं कुठे तुटलं याची कोणी फिकीर करत नाही. मीही शेकडो पाहुण्यांना सलामी दिली होती. बाबांनी नेमकं तेच धरलं आणि त्या दिवसानंतर माझ्या वाजवण्यावर एक शब्द बोलले नाहीत. मला त्यांचा राग आला आणि त्यांचं खरं आहे याचा जास्त राग आला.

आजाच्या डफड्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. पण बाबांची थोरली बहीण, माझी मोठी आत्या, तिच्या हातात तो शिल्लक होता. बाबा घरी नसले की मी तिच्या मागे लागायची आणि ती धान्याच्या पत्र्याच्या कोठीवर दवंडीचा ठोका वाजवून दाखवायची. तीन ठोके जवळजवळ, मग एक लांब, मग दोन घाईचे, आणि शेवटचा असा, की कोणी कडी वाजवून दार उघडायची वाट पाहतंय. "असं वाजे आमच्या बाबाचं," म्हणायची आणि पदराने कोठी पुसून टाकायची, जसं काही त्यावर डाग पडला होता. आत्या गेली. पुढे मी स्वतःचा फ्यूग बांधायला घेतला तेव्हा त्याचं वाक्य म्हणून मी दुसरं काही घेतलंच नाही, आजाचा दवंडीचा ठोका घेतला. जो ठोका साहेबापुढे अनवाणी चालला, तो माझ्या चारही हातापायांनी बोलायचा, कोणाच्या पुढे नाही, कोणाच्या मागे नाही. ज्याची पाळी शेवटी त्यालाही पूर्ण वाक्य. हे बाबांना ऐकवायचं होतं. सांगून पटलं नसतं, ऐकवायलाच हवं होतं.

गेल्या उन्हाळ्याआधी डॉक्टरांनी माझ्या डाव्या गुडघ्याची फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाले, आता पॅडल बंद. डावा पाय गेला म्हणजे माझा चौथा आवाज गेला. पार्टीलाही डीजेमुळे आमंत्रणं येईनाशी झाली होती. त्यातच इंझोरीच्या जयंती समितीने बोलावलं. समितीचा अध्यक्ष नितीन, माझ्या वर्गमैत्रिणीचा पोरगा. मी मनाशी ठरवूनच निघाले.

संध्याकाळच्या आधी, उन्हं कलत असताना आम्ही विहारापुढच्या मंडपाशी पोचलो. सगळ्यांचं सामान उतरलं. माझा ड्रमसेट मी टेम्पोतच राहू दिला.

"ताई, ड्रम लावा ना," दौलतभाऊ म्हणाले.

"दहा मिनिटं देता का?"

"आता हे आजच कायले?"

"आज नाई तं कधीच नाई. गुडघा गेला माहा. माहा तुकडा नसला तं ड्रम टेम्पोतच राह्यते, तुमी टाळ्याइवर गा."

दौलतभाऊ नितीनला घेऊन आले. नितीन म्हणाला, "मावशी, तुमी जेवणाच्या टायमाले वाजवा ना. पंगत चालू असली की थोडा आवाज बरा वाटते." मी म्हटलं, "मी पंगतीची वाजंत्री नाई, बाबू. लोक बसलेले पाहिजेत अन् आयकणारे पाहिजेत." तो डोकं खाजवत असतानाच त्याचा फोन वाजला. प्रमुख पाहुण्यांची गाडी अजून कारंज्यालाच होती. वंदना झाल्यावर भाषणापर्यंतचा वेळ कसा भरायचा, हा समितीपुढे प्रश्न पडला. नितीनने माझ्याकडे पाहिलं. मी इक्बालभाईला हाक मारून ड्रम उतरवायला घेतला.

वंदना झाली. सगळे आपापल्या जागी बसले, बाया डावीकडे, बाप्ये उजवीकडे, पुढच्या खुर्च्यांवर म्हातारी माणसं. त्यांत बाबा, ऐंशीच्या पुढचे, पांढऱ्या सदऱ्यात ताठ. मला ड्रमवर बसलेली पाहताच ते नेहमीप्रमाणे उठले आणि मंडपाच्या कडेला काढलेल्या चपला घ्यायला गेले. निवेदन वगैरे काही होऊ दिलं नाही, मी उजव्या हाताने सुरुवात केली.

तीन ठोके जवळजवळ, एक लांब, दोन घाईचे, आणि शेवटचा वाट पाहणारा.

बाबा चपला उचलायला वाकलेले होते. डाव्या हाताने तेच वाक्य खालच्या आवाजात धरलं आणि ते चपला हातात घेऊन सरळ झाले, पण वळले नाहीत. मग उजवा पाय बोलला. तेव्हा ते वळले. साठ-सत्तर वर्षं जो आवाज त्यांच्या कानावर पडला नव्हता, तो त्यांच्यापुढे तिसऱ्यांदा वाजत होता. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं, नाहीतर माझा पाय हुकला असता.

डाव्या पायाने वाक्य सुरू केलं आणि नेमकी त्याच वेळी मंडपाच्या तोंडाशी गाडी थांबली. पाहुणे आले. नितीन स्टेजकडे धावत आला, दोन्ही हात वर करून. "मावशी, थांबा! पाहुणे आले, सलामी द्या!" दौलतभाऊ माझ्या कानाशी येऊन तेच म्हणाले. वर्षानुवर्षं मी या इशाऱ्यावर जे काय चालू आहे ते तोडत आले होते. डाव्या पायाचं वाक्य अर्ध्यावर होतं. मी मान हलवून नाही म्हटलं आणि वाजवत राहिले.

नितीन मिक्सरकडे धावला. "भाई, आवाज बंद करा!"

इक्बालभाई बटणांवर इकडून तिकडे बोटं फिरवत म्हणाला, "कौन सा बटन है साहब, मेरे को मिल नहीं रा."

नितीनने वैतागून वायरच उपसली. भोंगे गप्प झाले, सॅम्युएलच्या कीबोर्डचा दिवा विझला. पण ड्रमला वीज लागत नाही, हे समितीच्या ध्यानात आलं नव्हतं. उलट आता मशीनचा मुलामा गेला आणि चारही आवाज स्वच्छ सुटे ऐकू यायला लागले. पाहुणे मंडपाच्या तोंडाशी हारवाल्या पोरींसकट अवघडून उभे. सगळी मंडळी कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होती. नितीन माझ्या काड्या धरायला पायरी चढला.

"नितीन! बस खाली."

बाबांचा तो वर्गातला आवाज. माइकशिवाय मागच्या बाकापर्यंत जाणारा. नितीन पायरीवरच बसला. त्याचं अर्धं शिक्षण बाबांच्या हाताखालीच झालं होतं. मग बाबा पाहुण्यांकडे वळले. "साहेब, या, बसून घ्या. तिचं बोलणं सुरू हाये, होऊ द्या." आणि स्वतः चपला हातात घेऊन पुढच्या खुर्चीवर येऊन बसले. पाहुणा भला माणूस होता, कोपऱ्यातली एक खुर्ची ओढून बसला.

वाजवता वाजवता माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला एकही हात मोकळा नव्हता. तुकड्यांचा खेळ संपवला आणि शेवटच्या पाठलागावर आले. उजवा हात निघाला, त्याचा दुसरा ठोका पडायच्या आत डावा हात घुसला, लगेच उजवा पाय, आणि त्याच्या पायावर पाय देत डावा पाय. गुडघ्यातून कळ थेट कमरेपर्यंत गेली, तरी तो थांबला नाही. चौघे एकदम दार ठोकत असल्यासारखे शेवटच्या ठोक्यावर येऊन पडले. मग बायांच्या बाजूने टाळ्या सुरू झाल्या, जरा मागून बाप्यांच्या.

बाबा उठून स्टेजच्या कडेला आले. लोकांना वाटलं पाठ थोपटतील. बाबांना ते जमत नाही.

"माह्या बाबाचा ठोका होता तो."

"हो."

"कोनं शिकवला?"

"मोठ्या आत्यानं. कोठीवर."

त्यांनी माझ्या पायाकडे बोट दाखवलं. "शेवटी तुहा डावा पाय लवकर आला. चुकला तो."

"चुकला नाई, बाबा. आता तो कोणाची वाट नाई पाहत. मुद्दाम आणला."

त्यांनी ते ऐकून घेतलं. हारवाल्या पोरी अजून ताटकळत उभ्या होत्या, नितीन वायर हातात धरून बसला होता. बाबा आपल्या खुर्चीवर परत गेले आणि हातातल्या चपला खुर्चीखाली नीट जोडून ठेवल्या.

"मंग अजून एकदा वाजव," ते म्हणाले. "पाहुणे थांबतीन."